रोव्हरच्या भिंगाला मेगापिक्सेल किती लागतात?

रत्नागिरीतल्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या चौघांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, चालणारा एक लहान रोव्हर त्यांनी प्रोजेक्ट म्हणून बनवलाय. त्याच्या हाताला ‘1000 एक्स’ असं छापलेला यूएसबी मायक्रोस्कोप लावलाय. टेबलावर नाण्याचे फोटो झकास येतात, पण कातळावर नेला की निम्मा फोटो धूसर आणि उरलेला पांढराफटक. पुढे ते विचारतात, की मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचा असाच कॅमेरा जेमतेम 2 मेगापिक्सेलचा आहे आणि आमचा 5 चा, मग त्यांना दगडात जे दिसतं ते आम्हाला का दिसत नाही? आणि शेवटी, त्यांच्यासारखे अल्ट्राव्हायोलेट दिवे आम्हीही लावावेत का?

मी बत्तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. त्यातला बराच वेळ गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कातळांवर गुडघे टेकून जवळून फोटो काढण्यात गेला. मंगळावरच्या कॅमेऱ्यांवर मी काम केलेलं नाही. पण 2004 पासून त्यांचे फोटो वर्गात लावून मुलांकडून दाणे मोजून घेतलेत, त्यामुळे ते कॅमेरे तसे का बनवले हे चांगलं ठाऊक आहे.

मुलांनो, सगळ्यात आधी तो 1000 एक्स डोक्यातून काढा. तो आकडा तुमच्या स्क्रीनवर अवलंबून असतो. तोच फोटो मोबाइलवर बघितला तर एक आकडा, भिंतीवर प्रोजेक्टरने टाकला तर दुसरा. भूशास्त्राच्या कॅमेऱ्याला एकच गोष्ट विचारायची: एका पिक्सेलमध्ये दगडाचा किती भाग मावतो? पोलादी पट्टी घ्या, अर्ध्या मिलीमीटरच्या खुणा असलेली. ज्या अंतरावरून दगडाचा फोटो काढता त्याच अंतरावरून पट्टीचा काढा आणि एका मिलीमीटरमध्ये किती पिक्सेल बसतात ते मोजा. 70 बसले तर एक पिक्सेल म्हणजे साधारण 14 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). आणि 14 मायक्रॉन आले, तर आकड्यापुरते तुम्ही क्युरिऑसिटीच्या बरोबरीला आलात. तिच्या हातावरच्या कॅमेऱ्याचं नाव माहली, म्हणजे मंगळावरचं हातभिंग. तो सगळ्यात जवळून, सुमारे 2.1 सेंटीमीटरवरून, एवढंच बारीक बघतो.

आता हे 14 कुठून आले? इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्याचं मूळ इथेच आहे.

रत्नागिरीच्या मांडवीला, म्हणजे आपल्या काळ्या समुद्रावर, ओहोटीच्या वेळी मूठभर वाळू उचला. दाणे नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. चुंबक फिरवलं की काळे दाणे त्याला चिकटतात. मग भाट्याच्या खाडीच्या कडेचा चिखल घ्या. डोळ्यांना एकसारखा, लोण्यासारखा. बोटांत चोळला तर किंचित कुरकुर लागते, ती सिल्टची. अजिबात लागली नाही तर ती माती. आमची पिढी तर चिमूटभर गाळ दाताखाली घेऊन बघायची. दात ज्या गोष्टी पकडतात त्या बोटांना कळत नाहीत. या भेदाला शास्त्रात आकडे आहेत: 2 मिलीमीटरपासून 62.5 मायक्रॉनपर्यंत वाळू, त्याखाली जवळपास 4 मायक्रॉनपर्यंत सिल्ट, त्याहून बारीक ती माती. आणि दाणा किती मोठा, यावरून पाणी कसं होतं ते कळतं. वाळूला ओढत न्यायला वाहतं पाणी किंवा वारा लागतो. बारीक गाळ खाली बसायला पाणी निवांत लागतं, तळ्यासारखं किंवा खाडीच्या आतल्या बाजूसारखं.

मंगळावर दात नेता येत नाहीत, म्हणून भिंग न्यायचं. दाणा आहे असं छातीठोकपणे म्हणायला तो निदान तीन-चार पिक्सेलवर पसरलेला हवा. एकाच पिक्सेलचा ठिपका म्हणजे दाणा, धूळ की सेन्सरचा दोष, काही सांगता येत नाही. जानेवारी 2004 मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या रोव्हरांवर मायक्रोस्कोपिक इमेजर होता. 1024 गुणिले 1024 पिक्सेल, कृष्णधवल, एका पिक्सेलला सुमारे 31 मायक्रॉन. तिनाने गुणा, 93 येतात. म्हणजे बारीक वाळूपर्यंत त्याची नजर पोचायची, सिल्टच्या दारात अडायची. माहलीच्या 14 ला चारने गुणा, 56 येतात. वाळू जिथे संपते त्या 62.5 च्या रेषेखाली ही नजर जाते. युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरसाठी क्लुपी नावाचा कॅमेरा तयार झालाय, तो दहा-बारा सेंटीमीटरवरूनच 10 मायक्रॉनपेक्षा बारीक बघू शकेल. मेगापिक्सेलची चर्चा होत राहते, पण खरी शर्यत या आकड्याची आहे.

याचा उपयोग कसा होतो ते बघा. क्युरिऑसिटी 6 ऑगस्ट 2012 ला गेल विवरात उतरली. 2013 च्या सुरुवातीला ती यलोनाइफ बे नावाच्या खळग्यात होती. तिथल्या शीपबेड नावाच्या थराचा पृष्ठभाग ब्रशने झाडून माहलीने अगदी जवळून फोटो काढले. त्यात दाणे दिसलेच नाहीत. आणि दाणे न दिसणं हाच पुरावा ठरला: दाणे कॅमेऱ्याच्या नजरेपेक्षा बारीक आहेत, म्हणजे हा गाळाचा दगड, म्हणजे इथे कधीकाळी संथ पाणी उभं होतं. पुढे रसायनशास्त्राच्या उपकरणांनी त्याला दुजोरा दिला, पण ‘मडस्टोन’ हा शब्द आधी भिंगाने दिला.

आता तुमच्या धूसर फोटोंकडे या. त्यांतही दाणे दिसत नाहीत. मग तुमचा जांभाही मडस्टोन समजायचा का? नाही, कारण तुमच्या फोटोत दाणे का दिसत नाहीत हेच तुम्हाला सांगता येत नाही. दाणे बारीक आहेत म्हणून की फोकस चुकला म्हणून? माहलीचा फोटो पुरावा ठरतो, कारण अंतर ठाऊक आहे, एका पिक्सेलचं माप ठाऊक आहे आणि त्याच फोटोत शेजारची एखादी चीर किंवा वाळूचा सुटा कण लखलखीत फोकसमध्ये आहे. जवळून फोटो काढणाऱ्या यंत्राची सगळी रचना या एका खात्रीसाठी असते. हात, दिवे, झाकण, पट्टी, सगळं त्यासाठीच.

कोणी म्हणेल, दाणे कशाला बघायचे, रसायन मोजा की! आपल्या चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरने 2023 मध्ये तेच केलं. त्याच्यावर एपीएक्सएस आणि लिब्ज ही मूलद्रव्यं ओळखणारी दोन उपकरणं होती आणि त्यांनी उत्तम काम केलं. पण जिथे पाणी वाहिलंय का हा प्रश्न असतो तिथे नुसतं रसायन फसवू शकतं. काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, फुटून त्याची वाळू झाली आणि ती वाळू घट्ट होऊन पुन्हा दगड झाला, तर मूलद्रव्यांची यादी जवळपास तीच राहते. एक लाव्हातून आला, दुसरा पाण्यातून किंवा वाऱ्यातून. फरक दिसतो तो दाण्यांच्या आकारात आणि गोलाईत.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण ऑपॉर्च्युनिटीचं आहे. ती ज्या लहानशा विवरात उतरली तिथे जमिनीवर आणि खडकाच्या थरांत चार-पाच मिलीमीटरच्या राखाडी गोळ्या विखुरलेल्या सापडल्या. लोकांनी त्यांना ब्लूबेरी म्हटलं. त्या उल्केच्या आघाताने उडालेले वितळलेले थेंब असू शकल्या असत्या, ज्वालामुखीच्या राखेचे गोळेही असू शकल्या असत्या. इमेजरने जवळून पाहिल्यावर लक्षात आलं की गोळ्या एखाद्याच थरात साचलेल्या नाहीत, सगळ्या दगडभर सारख्या पसरल्यात, आणि दगडाचे बारीक पापुद्रे काही गोळ्यांच्या आरपार गेलेत. वरून पडलेली गोळी पापुद्र्याला दाबते, वाकवते. पापुद्रा आरपार जातो तेव्हा गोळी दगड तयार झाल्यानंतर आतच वाढलेली असते, झिरपणाऱ्या पाण्यातून. ती हेमॅटाइटची आहे हे दुसऱ्या उपकरणांनी सांगितलं. आपल्या जांभ्यातही लोहाच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या असतात आणि मुलं हमखास विचारतात की याच का त्या. नाहीत. आपल्या गोळ्या लाखो वर्षांच्या पावसाने दगड कुजत जाऊन तयार झाल्यात, तिथली प्रक्रिया वेगळी. पण पापुद्रा आरपार गेलाय की वळसा घालून गेलाय हे बघायची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच लागते.

आता धूसरपणा.

चिरेखाणीतून ताजा कापलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, कधी हातात घेऊन बघितलाय? यंत्राच्या पात्याचे समांतर चरे, लालसर-जांभळी भिंत, मधे पिवळे डाग, आणि वाकडीतिकडी भोकं. काही भोकांच्या तळाशी पांढरी माती बसलेली, नखाने निघते. एखादं भोक करंगळीचं टोक जाईल एवढं. म्हणजे दोन इंचांच्या चौकोनात दगड एक-दीड सेंटीमीटर वरखाली होतो. स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटीच्या इमेजरला फोकसच्या पुढेमागे मिळून साधारण 6 मिलीमीटरच जागा स्पष्ट दिसायची. माहली सगळ्यात जवळ गेला की त्याला एक-दोन मिलीमीटर मिळतात. तुमच्या मायक्रोस्कोपला त्याहून कमी. याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात आणि तिचा हिशेब क्रूर आहे: दुप्पट बारीक बघायला गेलात की ती साधारण चौपट घटते. नाणं सपाट असतं म्हणून टेबलावर जमलं. तुमचा मायक्रोस्कोप बिघडलेला नाही.

भिंगाचं तोंड बारीक करून डेप्थ वाढवता येते. जुन्या इमेजरचं भिंग म्हणूनच एफ/15, म्हणजे बरंच बारीक तोंडाचं, ठेवलं होतं. पण फार बारीक केलं की प्रकाशच पसरायला लागतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून उपाय एकच उरतो, थरांनी फोटो काढायचे. जुळे रोव्हर अख्खा हात थोडा थोडा पुढे सरकवून तीन किंवा जास्त फोटो घेत. माहलीच्या भिंगात फोकसची मोटर आहे. तिच्या जोरावर तो वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेतो आणि त्यातले आठपर्यंत फोटो तिथेच मंगळावर जोडून एक संपूर्ण स्पष्ट फोटो तयार करतो. जोडीला कुठला भाग किती उंच-खोल याचा नकाशाही मिळतो. मोटर किती पावलं फिरली त्यावरून अंतर कळतं आणि अंतरावरून एका पिक्सेलचं माप.

तुमच्या रोव्हरच्या हाताला हॉबी सर्व्हो आहेत. त्यांच्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, इतका असतो की अर्धा मिलीमीटर सांगितला तर कधी शून्य सरकेल, कधी दोन. मायक्रोस्कोप त्या हाताला थेट लावू नका. मधे एक लहान सरकपट्टी द्या, एम8 चा आटेवाला रॉड आणि स्टेपर मोटर लावून. त्या रॉडला एका फेऱ्यात 1.25 मिलीमीटर चाल असते, मोटर 200 पावलांची असेल तर एका पावलाला सव्वासहा मायक्रॉन. अर्ध्या अर्ध्या मिलीमीटरवर वीस-पंचवीस फोटो घ्या, डेप्थ त्याहून कमी निघाली तर पाऊल आणखी लहान करा. दर वेळी एकाच दिशेने जवळ जा. मागे येऊन पुन्हा पुढे गेलात तर आट्यातला प्ले मोजमापात शिरतो. फोटो जोडायची मोफत सॉफ्टवेअर मिळतात.

हे मी शिकलो त्याची किंमत मोजून. फिल्मचे दिवस होते. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर लाटांनी कोरलेल्या जाळीदार कातळाचे, आतल्या पांढऱ्या खनिजांचे, 36 फोटोंचा अख्खा रोल काढला. भरती चढायच्या आत काढायचे म्हणून घाई केली, ट्रायपॉड न लावता हातात धरून. रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक फोटोत एखादा चतकोर भाग स्पष्ट आणि बाकी धुकं. त्याहून वाईट म्हणजे 36 पैकी एकाही फोटोत पट्टी नव्हती. भोक वाटाण्याएवढं की नारळाएवढं हे माझं मलाच सांगता येईना. पुन्हा जायला मला पुढचा हिवाळा उजाडला. रोव्हर एकदा पुढे गेला की सहसा परत येत नाही, त्यांना तो पुढचा हिवाळाही मिळत नाही.

म्हणून माप. भूशास्त्रज्ञ फोटोत नाणं ठेवतात, आणि माहलीच्या तपासणीच्या पाटीवर 1909 चं अमेरिकी एक सेंटचं खरं नाणं बसवलेलं आहे. तुम्ही नाणं ठेवू नका, पट्टीचा तुकडा कापून मायक्रोस्कोपच्या चौकटीतच कायमचा बसवा. विसरायची सोयच नको.

अंतराचा प्रश्न सोडवायचा एक जुना मार्ग मला फार आवडतो. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जवळून फोटो काढायला एक खास कॅमेरा नेला होता. तो जमिनीवर सरळ टेकवायचा. आत फ्लॅश, दोन भिंगांतून जोडफोटो, त्यामुळे खोली दिसायची, आणि एका वेळी सात-आठ सेंटीमीटरचा तुकडा. जाडजूड हातमोज्यांच्या माणसाला फोकस, अंतर, उजेड यातलं काहीच जुळवावं लागायचं नाही, खोकंच सगळं ठरवायचं. तुमचा रोव्हर सड्यावरच फिरणार आहे. पीव्हीसी पाइपचा तुकडा आतून काळा रंगवून मायक्रोस्कोपभोवती झगा म्हणून लावा आणि तो दगडावर टेकवा. अंतर पक्कं झालं, वारा अडला, ऊनही अडलं. क्युरिऑसिटीला हे करता येत नाही, कारण तिचा सुमारे 2 मीटर लांब हात अनोळखी दगडावर टेकवणं धोक्याचं. तिच्या कॅमेऱ्यासमोर दोन धातूच्या सळ्या आहेत, त्या दगडाला लागल्या की हात थांबतो. दोन अशासाठी, की एखादी सळी नेमकी खड्ड्यात गेली तर दुसरी वाचवेल. जांभ्यावर काम करणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको.

पांढराफटक भाग उजेडामुळे आहे. तुमच्या मायक्रोस्कोपला भिंगाभोवती गोल कडं करून एलईडी आहेत. सगळीकडून सारखा उजेड पडला की सावली पडत नाही, आणि सावली नसली की दाणा उठून दिसत नाही. वर दगड ओला किंवा चकचकीत असला की दिव्यांचं प्रतिबिंब थेट भिंगात येतं. निम्म्या एलईडींवर काळी पट्टी चिकटवा. ऑटो एक्स्पोजर बंद करा. आधी डावीकडून उजेड, मग उजवीकडून, असे दोन फोटो घ्या. एकाच फोटोत खड्डा आणि उंचवटा यांची डोळ्यांना हमखास गल्लत होते, दोन फोटो शेजारी ठेवले की मिटते. काळ्या कातळातली रिकामी भोकं आणि पांढऱ्या खनिजांनी भरून वर आलेल्या गाठी यांत मी अनुभवी माणसांना फसलेलं पाहिलंय. माहलीला चार पांढरे एलईडी आहेत, दोन-दोनच्या जोडीने वेगळे लावता येतात, ते याचसाठी. जुन्या इमेजरला स्वतःचा दिवाच नव्हता, तो सूर्यावर अवलंबून होता. हाताची सावली अर्धवट पडली तर फोटो वाया. अर्धं ऊन आणि अर्धी सावली हा सगळ्यात वाईट उजेड, तिथेही आणि आपल्या सड्यावरही. झगा लावायचा नसेल तर सरळ छत्री धरा.

धूळ आणि साल याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. जुना चिरा किंवा उघडा सडा वरून काळपट, कडक दिसतो; जांभा खाणीत मऊ असतो आणि हवा लागून टणक होतो. कोयतीने टवका काढला की आत निराळाच रंग. मंगळावरही वरचं तांबूस आवरण फसवं. फेब्रुवारी 2013 मध्ये क्युरिऑसिटीने पहिलं भोक पाडलं, 1.6 सेंटीमीटर रुंद आणि 6.4 सेंटीमीटर खोल, तर आतून निघालेली पूड राखाडी होती. म्हणून आधी ब्रश, मग घासणी, मग फोटो. तुम्ही साधा नायलॉनचा ब्रश वापरा. पण जागा नीट बघून! आपल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, 2022 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, आणि कित्येक शिल्पं माती-गवताखाली अर्धी झाकलेली असतात. सड्यावर कुठेही कोरीव रेघेचा संशय आला तर ब्रशसुद्धा लावू नका, रोव्हर मागे घ्या. सराव करायला चिरेखाणीच्या कडेला पडलेले तुकडे हवे तेवढे मिळतात.

दुसरी गोष्ट झाकण. माहलीचं झाकण पारदर्शक आहे, उघडलं नाही तरी काहीतरी दिसावं म्हणून. उतरताना त्यावर धुळीचा थर बसला होता, सप्टेंबर 2012 मध्ये ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा कुठे खरं चित्र दिसलं. पर्सिव्हरन्स या मंगळावरच्या दुसऱ्या रोव्हरवरच्या शेरलॉक उपकरणाचं झाकण जानेवारी 2024 मध्ये अर्धवट उघडं अडकलं. मोटर गरम करून, हात वेगवेगळ्या दिशांना वळवून, ड्रिलचे हादरे देऊन त्यांनी ते पुरतं उघडलं आणि काही महिन्यांनी काम पुन्हा मार्गी लागलं. तुमच्या बाबतीत शत्रू धूळ नाही, खारं वारं आहे. भिंगावर मिठाचा थर बसतो, तो कोरड्या कापडाने पुसला की चरे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओला केलेला कापूस, मग कोरडं मऊ कापड. पावसाळ्यात मायक्रोस्कोप सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर भिंगात बुरशीचे धागे वाढतात आणि ते पुसता येत नाहीत.

आता तुमचा मेगापिक्सेलचा प्रश्न. माहलीची निवड डिसेंबर 2004 मध्ये झाली. त्या काळात 1600 गुणिले 1200 पिक्सेलचा रंगीत सेन्सर लहान नव्हता, आणि अंतराळात नेण्याआधी प्रत्येक भाग वर्षानुवर्षं तपासावा लागतो. पण ते सोडा. आजही मंगळावरून फोटो येतात ते तिथे घिरट्या घालणाऱ्या यानांमार्फत, ठरावीक वेळात, ठरावीक मापाने. म्हणून आधी अंगठ्याएवढ्या छोट्या प्रती येतात, त्या बघून पृथ्वीवरची माणसं ठरवतात की पूर्ण फोटो कुठले मागवायचे. आठ फोटोंचा एक करून पाठवण्यातही तीच काटकसर आहे. अशा ठिकाणी दुप्पट मेगापिक्सेल म्हणजे निम्मे फोटो. आणि 1600 पिक्सेलला 14 मायक्रॉनने गुणा, सव्वादोन सेंटीमीटर येतात. दगडाचा एवढा तुकडा दाणे ओळखायला पुरतो.

तुमचे 5 मेगापिक्सेल खरे आहेत का, तेही तपासा. स्वस्त मायक्रोस्कोपमध्ये बऱ्याचदा सेन्सर लहान असतो आणि सॉफ्टवेअर पिक्सेल फुगवून देतं. नोटेवरची अतिबारीक अक्षरं बघा, तोच फोटो 5 आणि 2 मेगापिक्सेलवर काढा. अक्षर दोन्हीत सारखंच वाचता आलं तर जास्तीचे 3 नुसते कागदावर आहेत, आणि मग पट्टीवरून काढलेला तुमचा 14 मायक्रॉनचा आकडाही सुधारावा लागेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण फोटो पाहून जाणवली. सगळे फोटो थेट जवळचे आहेत. हा तुकडा कुठल्या दगडाचा, तो दगड सड्यावर पडलेला की सड्याचाच भाग, हे कुठेच कळत नाही. माहली बहुतेकदा आधी 25 सेंटीमीटरवरून फोटो घेतो, एका पिक्सेलला सुमारे 95 मायक्रॉन. मग 5 वरून, सुमारे 25 मायक्रॉन. मग गरज असेल तर सगळ्यात जवळून. त्याआधी खांबावरच्या कॅमेऱ्याने लांबून तोच दगड टिपलेला असतो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली एखादी खूण सापडली पाहिजे, एखादी चीर, एखादं त्रिकोणी भोक. खूण सापडली नाही तर जवळचा फोटो कितीही सुंदर असला तरी मी तो बाजूला ठेवतो. तुमच्या रोव्हरवर मोबाइलचा एक जुना कॅमेरा लांबच्या फोटोंसाठी बसवा, शंभर-दोनशे रुपयांचा ब्रॅकेट लागेल फक्त.

अल्ट्राव्हायोलेट दिव्यांचं असं आहे. माहलीला 365 नॅनोमीटरचे दोन एलईडी आहेत, काही खनिजं त्या उजेडात चमकतात म्हणून. जानेवारी 2013 मध्ये त्यांनी पहिल्यांदा रात्री फोटो काढले, पांढऱ्या आणि अल्ट्राव्हायोलेट दोन्ही दिव्यांत. तुम्हाला जांभ्यावर यातून फारसं मिळणार नाही, लोह ती चमक मारतं. काळ्या कातळातल्या पांढऱ्या गाठींवर मात्र करून बघण्यासारखं आहे, कॅल्साइट असेल तर कधी कधी सुरेख चमकतो. पण आधी सरकपट्टी, झगा आणि पट्टी एवढं होऊ दे. दिवे नंतर घ्या, सोबत अल्ट्राव्हायोलेटचा चष्मा घ्या, आणि अमावास्येच्या आसपास अंधार पडल्यावर बाहेर पडा. झग्याखाली चांदणं शिरत नाही, पण झगा काढून नुसत्या डोळ्यांनी बघायचा मोह होणारच.